शहाळ्याचा नियम

आमच्या आईला 'ये' म्हणायचं असलं की ती 'तिकडं पाऊस कसा हाय' असं विचारते. सरळ बोलणं तिच्या स्वभावातच नाही. म्हणून त्या वर्षी श्रावण सरत असताना तिचा फोन आला आणि "औंदा दशलक्षणाला ये. माझ्याजवळ बसून कर," असं ती एका दमात म्हणून गेली, तेव्हा मी हातातला माउस सोडला आणि खुर्चीत सरळ बसले.

मी बेळगावात खासबागेत राहते आणि साड्यांचे काठ कॉम्प्युटरवर काढते. मोर, कमळं, कुयऱ्या, आणि गिऱ्हाइकाला ऐन वेळी जे सुचेल ते. गाव माझं निपाणीजवळचं, तंबाखूच्या आणि उसाच्या रानांतलं. घरी आई आणि थोरला भाऊ, म्हणजे अण्णा. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. त्या घरात मी मुलगा म्हणून जन्मले, मुलगा म्हणून वाढले, आणि ते मला एक दिवसही धड जमलं नाही. पुढं बेळगावात बाई म्हणून राहू लागले, डॉक्टरांकडून औषधं सुरू केली आणि घरी जाऊन तसं सांगितलं. आई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "त्या गोळ्या सोड, मगच ये." मीही तिचीच. म्हटलं, बरं, नाही येत. त्यानंतर तिचे फोन यायचे, पण पावसाचे, म्हशीचे, भुईमुगाच्या भावाचे.

दशलक्षण म्हणजे आम्हा जैनांचं भाद्रपदातलं दहा दिवसांचं पर्व. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, सकाळी पूजेला सगळे जमतात. पुरुष एका बाजूला बसतात, बायका दुसऱ्या. आई म्हणाली होती, 'माझ्याजवळ'. आईच्या शेजारची जागा बायकांच्या बाजूला आहे, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. गोळ्यांचं नाव तिनं काढलं नव्हतं. विसरली, की सोडून दिलं, की मी गोळ्या सोडल्याच असतील असं धरून चालली, काही कळेना. विचारायची माझी छाती झाली नाही. विचारलं असतं आणि बोलावणं परत घेतलं असतं म्हणजे?

बोलण्याचालण्याची भीती मात्र नव्हती. आमच्या भागात बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. त्यामुळं बाई झाल्यावर मला गावाकडच्या बोलण्यात काडीचा बदल करावा लागला नाही. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी याचा हेवा करतात.

आता गोळ्यांचं सांगते, कारण सगळं रामायण त्यांचंच. गोळ्या दोन. एक बाईचं हार्मोन देते. दुसरी अंगात तयार होणाऱ्या पुरुषी हार्मोनचं चालू देत नाही. पहिली गरीब आहे. दुसरी मुळात ब्लडप्रेशरची आणि सूज उतरवायची. ती लघवीला पिटाळते, अंगातलं मीठ बाहेर काढते आणि पोटॅशियम मात्र आत धरून ठेवते. पोटॅशियम प्रमाणाबाहेर वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होतो, आणि तो होण्याआधी माणसाला काही जाणवेलच असं नाही. म्हणून रक्त तपासायचं, गोळी सुरू करण्याआधी, डोस बदलला की, आणि मधून मधून.

बेळगावातल्या आमच्या डॉक्टरीणबाई हे सगळं पहिल्याच दिवशी सांगून मोकळ्या झाल्या होत्या. घाईत असल्या की त्या कन्नडवर घसरतात, त्यामुळं कन्नडमध्ये सांगितलेलं मी जास्त गंभीरपणे घेते. पाणी भरपूर पी. उठताना सावकाश ऊठ, चक्कर येईल. उलट्याजुलाब झाले तर गोळी थांबव आणि मला फोन कर. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेऊ नकोस. शहाळं रोज नको, केळी बेतानं, बटाटे बेतानं. आणि ब्लडप्रेशरवाल्यांसाठी कमी सोडियमचं मीठ मिळतं ते तुला वर्ज्य, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. मी म्हटलं, बटाट्याची काळजी करू नका, आमच्या आईच्या स्वयंपाकघरात कंदमुळं येतच नाहीत, तेवढं पथ्य मी जन्मापासून पाळत आलेय. त्या हसल्या नाहीत. लिहीत होत्या.

त्यांचं मी निमूट ऐकते, त्याला कारण आहे. माझ्या ओळखीतल्या एकीनं याच कामाची पण वेगळ्या जातीची गोळी चिठ्ठीशिवाय मिळवली आणि लवकर गुण यावा म्हणून दुप्पट घेत राहिली. गुण राहिला बाजूला, डोळे पिवळे झाले आणि लिव्हर सांभाळत तिला महिनोन् महिने काढावे लागले. "दुप्पट गोळीनं कुणी दुप्पट बाई होत नाही," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते मी पदराला गाठ मारून ठेवलंय.

तर उपासाचं विचारायला मी त्यांच्याकडं गेले. निर्जळी उपासाचं नाव काढताच त्यांनी पेन खाली ठेवलं. पाण्याशिवाय ही गोळी अजिबात नाही. उपासच करायचा असेल तर तेवढे दिवस गोळी बंद ठेव, दहा दिवसांत काही मागं जात नाही. गोळी बंद केली की दाढी उद्या सकाळी दारात येऊन उभी राहणार, असं मला वाटतं. नाही राहत, हे मलाही कळतं. पण वाटतं त्याला काय करणार? मग त्यांनी मधला मार्ग काढला. एकाशन कर, म्हणजे दिवसातून एकदाच जेव, पण पाणी दिवसभर प्यायचं, मीठ नेहमीसारखं खायचं, जाण्याआधी रक्त तपासायचं आणि मध्ये एकदा निपाणीत तपासून रिपोर्ट पाठवायचा. मी कबूल केलं. जाण्याआधीचं रक्त छान आलं.

संकेश्वरच्या पुढं गेल्यावर बसच्या खिडकीतून उसाच्या पाल्याचा वास आला आणि मी ओढणी परत परत सारखी करू लागले. आई दारातच होती. तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं. केस बघितले, कानातलं बघितलं, ओढणी बघितली. मग म्हणाली, "अंग लई वाळलंय." आणि आत गेली. मी पिशवी ठेवली आणि न्हाणीत जाऊन पोटभर रडले. आनंदानंच, पण आवाज येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता.

डॉक्टरांनी दिवसभर पाणी प्यायला सांगितलंय आणि मीठ सोडायचं नाही म्हणालेत, एवढं मी आईला सांगितलं. "कशापायी?" असं तिनं विचारलं. "अशक्तपणा," मी म्हटलं. तिनं पाण्याची सूट दिली. ती स्वतः जेवताना एकदाच पाणी पिते, वयाच्या सत्तरीत, आणि वर माझ्यापेक्षा भरभर चालते.

पहिल्या दिवशी बस्तीत पाऊल ठेवलं तेव्हा बायकांच्या रांगेत कुजबुज झाली. व्हायचीच. आईनं इकडंतिकडं न बघता तिच्या शेजारी चटई झटकली आणि मी बसले. पलीकडच्या एका म्हाताऱ्या आक्कांनी आपली पिशवी थोडी सरकवून जागा केली. पूजेत वाहायचे अर्घ्याचे तांदूळ आणायचं मी विसरले होते. आईनं हळूच ताटली माझ्याकडं सरकवली. त्या दहा मिनिटांसाठी मी कुठूनही चालत आले असते.

अशक्तपणा म्हणजे शहाळं, हे आईचं शास्त्र. विहिरीजवळ आप्पांनी लावलेला माड आहे. दरवर्षी दहा दिवस झाले की आईचं पारणं त्याच झाडाच्या शहाळ्यानं सुटतं. साऱ्या वर्षात तेवढी एकच चैन ती करते. आप्पा गेल्यापासून तर त्यात खंड नाही. अण्णा शहाळं सोलतो, ती ओसरीवर बसून सावकाश पिते आणि त्या वेळात तिच्याशी कुणी बोलायचं नाही.

तर मला रोज जेवणाबरोबर शहाळं सुरू झालं. मी म्हटलं, "आई, रोज नको सांगितलंय." ती म्हणाली, "चार घोटांनी काय हुतंय? साधूंच्या आहाराला बी शहाळंच देत्यात." पहिल्या दिवशी चार घोट झाले, पुढं अख्खं शहाळं. इतक्या दिवसांनी आईच्या हातचं मिळत होतं, नाही म्हणायला जीभ उचलेना. शिवाय मीठ. डॉक्टरनं मीठ खायला सांगितलंय म्हटल्यावर ती प्रत्येक घासावर बरणीतलं मीठ भुरभुरायची. आमटीत घालायची, ताकात घालायची, काकडीवर घालायची. मला गोळीमुळं एरवीही खारट खावंसं वाटतं, त्यामुळं मी मिटक्या मारत खात होते. मिठाच्या बाबतीत तरी डॉक्टरीणबाईंचं आपण तंतोतंत ऐकतोय, असं दोघींनाही वाटत होतं.

ठरल्याप्रमाणं मध्ये एक दिवस निपाणीला जाऊन रक्त देऊन आले. काही होत नव्हतं मला. पाय जरा जड वाटायचे, पण बस्तीत मांडी घालून बसल्यावर कुणाचे पाय जड होत नाहीत? दिवस मावळायच्या बेताला रिपोर्ट आला, मी तो बेळगावला पाठवला आणि मिनिटभरात डॉक्टरीणबाईंचा फोन. कन्नडमध्ये. गोळी आत्ताच्या आत्ता बंद, पोटॅशियम वाढलंय, निपाणीत दवाखान्यात जाऊन ईसीजी काढ, तिथून मला फोन लावून दे. जेवलीस काय ते आठवून ठेव.

अण्णानं गाडी काढली. मी आईला म्हटलं, तू थांब. ती सरळ मागं जाऊन बसली.

दवाखान्यातले ड्युटीवरचे डॉक्टर तरुण होते. छातीला वायरी लावून झाल्या, पट्टी बघून झाली, ठोके ठीक आहेत म्हणाले. मग गोळीचं नाव वाचून त्यांनी विचारलं, "ही तर सुजेसाठी देतात. तुम्हाला कशासाठी?" आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. अण्णा दारात. खोटं सांगायला वेळ होता, पण दवाखान्यात खोटं सांगून मरायचं आहे का, असं मी स्वतःला विचारलं. मी म्हटलं, "माझ्या अंगात पुरुषाचं हार्मोन तयार होतं. ते दाबायला घेते मी. नियमित घेते, रोज."

डॉक्टरांनी नुसतं "अच्छा" म्हटलं आणि लिहून घेतलं. मी आईकडं बघितलं. ती फरशीकडं बघत होती. तिला आता कळलं होतं की मी काही सोडलेलं नव्हतं.

"खाण्यात काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "शहाळं. रोज मीच देतो." "आणि?" "मीठ. मीठ लई घालतो मी, डॉक्टरनं सांगितलंय म्हणून." कुठलं मीठ, असं त्यांनी विचारलं तसा अण्णा दारातून पुढं आला. मीठ त्यानं आणलेलं, कमी सोडियमचं. आईला ब्लडप्रेशर म्हणून तिच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. घरात आता तेच एक मीठ. एकीच्या डॉक्टरनं सांगितलेलं आणि दुसरीच्या डॉक्टरनं मना केलेलं मीठ एकाच बरणीत, आणि वाढणारी जगातली सगळ्यांत काळजीवाहू बाई. मला हसू आलं आणि वायरी हलल्या म्हणून नर्स ओरडली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवून घेतलं त्यांनी. औषध दिलं, परत रक्त काढलं, आकडा उतरला. मूत्रपिंडं चांगली आहेत म्हणून एवढ्यावर निभावलं, असं डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. गोळी मी सांगेपर्यंत बंद.

घरी आल्यावर आईनं बरणीतलं मीठ वेगळ्या डब्यात काढलं, बरणी घासली आणि अण्णाकरवी साधं मीठ आणवून तीत भरलं. बोलली काहीच नाही. माझा राग तिथंच निघाला. म्हटलं, "म्हण ना आता, सोड त्या गोळ्या म्हणून. एवढी चांगली संधी परत मिळायची नाही." ती चुलीपुढं वळून बसली. मला वाईट वाटलं, पण बोलणं मागं घेतलं नाही. मी खरंच घाबरले होते. दवाखान्यात नव्हते घाबरले तेवढी तिच्या गप्प बसण्याला घाबरले.

उरलेले दिवस मी उपास सोडून, दोन वेळा जेवून, तिच्याशेजारी बस्तीत बसत राहिले. तिनं चटई झटकायचं सोडलं नाही. पण शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी दोन गोष्टी झाल्या. निपाणीचं नवं रक्त चांगलं आलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहा दिवस उरकू देत, मग परवापासून निम्म्या डोसनं गोळी सुरू कर, आठवड्यानं परत तपास. आणि ते मी अण्णाला सांगितलं, पण आईला कसं सांगावं याचा विचार करत होते तेवढ्यात आईच म्हणाली, "उद्या बस्तीत नियम घ्यायचा हाय. आंघोळ लौकर कर."

नियम म्हणजे देवापुढं एखादी वस्तू सोडायची. किती दिवस सोडणार ते बोलायचं आणि बस्तीतले पुजारी, उपाध्ये म्हणतो आम्ही त्यांना, ते तो नियम देतात. एकदा घेतला की मोडायचा नाही. लहानपणी आई माझा हात धरून पुढं करायची आणि मला न विचारता माझ्याकडून नियम घेववायची. वांग्याचा, रात्री खाण्याचा, एका वर्षी तर क्रिकेटचा. आता कशाचा घेववणार, हे सांगायला नको होतं. तिनं गोळ्यांचं नाव का काढलं नाही, दवाखान्यात का गप्प बसली, सगळं मला एकदम उमगलं. सगळ्या गावासमोर, बायकांच्या बाजूला बसवून घेऊन, हात धरून. नाही म्हटलं तर तिची मान खाली, हो म्हटलं तर माझं सगळंच गेलं. मी पिशवी भरून ठेवली. नाहीच म्हणणार होते मी. तिथून थेट बसस्टँड गाठायचं आणि ती जागा परत कधी मिळाली नाही तर नाही, असं ठरवलं.

अनंत चतुर्दशीची पूजा झाली. नियम घेणारे एकेक पुढं गेले. कुणी साखर सोडली, कुणी तंबाखू, कुणी महिनाभर मोबाईलवर सिरियल बघणं सोडलं. मग आई उठली आणि तिनं माझं मनगट धरलं. तीच पकड, लहानपणची. मी मनगट सोडवून घेण्याच्या बेतात होते. उपाध्यांपुढं गेल्यावर तिनं माझा हात सोडला आणि स्वतःची ओंजळ पुढं केली.

"शहाळ्याचा," ती म्हणाली.

उपाध्ये जरा थबकले. त्यांनाही आईचं पारणं ठाऊक होतं. "किती दिवसांचा?"

"माझ्या ह्या लेकीची गोळी चालू हाय तवर."

उपाध्ये म्हणाले, "आक्का, नियमाला मुदत लागते. काय ते दिवस-महिने बोला."

"ते तिच्या डॉक्टरला ठाऊक," आई म्हणाली. "जन्मभर असंल तर जन्मभर."

त्यांनी तिच्या ओंजळीत तांदूळ घातले. मी तिच्या शेजारी उभी होते आणि मला काहीच दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. परत चटईवर बसल्यावर मी हळूच म्हटलं, "आई, तू नुसतं मला देऊ नकोस म्हणजे झालं. तू प्यायला काय हरकत आहे?" ती पूजेकडं बघत म्हणाली, "घरात आलं की तुला द्यायला हात जातोय माझा. माझं मला ठाऊक."

दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. अण्णा सवयीनं माडाकडं निघाला होता, आईनं त्याला हाक मारून परत बोलावलं. ओसरीवर बसली. अण्णानं मुगाच्या कढणाची वाटी तिच्यापुढं ठेवली. तिनं वाटी हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही. माझ्याकडं बघत बसली. मला वाटलं, तिला एकटीला पिऊ द्यायचं असेल, म्हणून मी उठू लागले.

"बस," ती म्हणाली. "आज गोळी चालू व्हायची नव्हं? अण्णा म्हणाला. आधी तू घे. तांब्या भरून ठेवलाय बघ, पाणी भरपूर पी."

मी तिच्यासमोर गोळी घेतली. तांब्यातलं पाणी संपेपर्यंत तिनं वाटी खाली ठेवली नाही, आणि तोंडालाही लावली नाही.